पहिलीत घालायच्या आधी कान बनवून घ्यायचा का?

पत्र जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या एका ताईंचं आहे, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील गाळलेत. मुलगा डिसेंबर २०२० चा, या जूनला पहिलीत जाणार. डावा कान नीट आहे, उजवा जन्मापासून शेंगदाण्याएवढा, खाली एक मऊ पाळीसारखा तुकडा आणि भोक नाहीच. अंगणवाडीत मुलं "बुच्या" म्हणतात, एकाने तर सगळ्यांसमोर "तुना कान कोठे गया रे?" असं विचारलं तेव्हापासून तो कानटोपीशिवाय घराबाहेर पडत नाही. सासूबाई म्हणतात सूर्यग्रहणात विळीवर भाजी चिरली त्याचं हे फळ, त्यांनी कानबाईला, आपल्या खानदेशातल्या देवीला, नवस बोललाय. नवऱ्याला शाळा सुरू व्हायच्या आत ऑपरेशन हवंय, एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी आत्ताच एका ऑपरेशनमध्ये कान बसवून देतो सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरांनी दहा वर्षांचा होऊ द्या म्हणून परत पाठवलं. दिराने व्हाट्सॅपवर उंदराच्या पाठीवर उगवलेल्या कानाचा फोटो पाठवला, की लवकरच असे कान मिळणार आहेत. ताई विचारतात, कुणाचं ऐकू, आणि माझ्या हातून खरंच चूक झाली का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुमच्या पत्रात तो सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलाय आणि पाच वर्षं तुम्हाला तोच खातोय असं मला वाटतं.

नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही. तुम्ही ज्या ग्रहणाबद्दल लिहिलंय ते २१ जून २०२० चं, रविवार होता, लॉकडाऊनचे दिवस, आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास लागलं होतं म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ. आता हिशोब करा. मुलगा डिसेंबरचा, दिवस भरून झालेला, म्हणजे ग्रहणाच्या दिवशी तुम्हाला तिसरा महिना लागून गेला होता. बाळाचा बाहेरचा कान त्याच्या कितीतरी आधी घडायला लागतो, गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना सहा बारीक उंचवटे उठतात आणि ते एकमेकांना जुळून कानाचा आकार तयार होतो. म्हणजे विळी हातात घेतली तेव्हा जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं, तेही तुम्हाला दिवस गेलेत हे जेमतेम कळलेलं असतं त्या सुमारास. आणि त्या रविवारी जळगाव-धुळे-नंदुरबारात किती गरोदर बायकांनी भाजी चिरली असेल हो, जवळजवळ सगळ्यांची पोरं दोन्ही कानांनी धडधाकट आहेत. या प्रकाराला मायक्रोशिया म्हणतात, काही हजार बाळंतपणांमागे एखादं बाळ असं येतं, मुलांमध्ये जास्त, एकाच बाजूला जास्त आणि त्यातही उजव्या बाजूला जास्त, म्हणजे तुमचा मुलगा अगदी नेहमीच्या नमुन्यातला आहे. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. हा हिशोब सासूबाईंना भांडून सांगू नका, पण नवऱ्याला मात्र एकदा शांतपणे बोटं मोजून दाखवा, कारण दवाखान्यात तुमच्यासोबत तोच येणार आहे आणि त्याच्या मनात तसलं काही राहायला नको.

आता ऑपरेशन. मी बावीस वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते, त्यामुळे टेबलावर काय होतं त्यापेक्षा त्यानंतरचे पंधरा दिवस मला जास्त माहितीयेत. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली ती आधी बोलते. तुम्ही सगळ्यांनी मिळून शाळेची तारीख ही ऑपरेशनची तारीख करून टाकलीये. शाळा जूनमध्ये आहे म्हणून कान मेच्या आत, असं. पण ज्या कुर्चेतून, म्हणजे त्या कुरकुरीत हाडातून, कान कोरायचा ती त्याच्या छातीत आहे आणि ती जूनची वाट बघत नाही, ती तिच्या वेगाने वाढते.

ही पद्धत कशी ते सांगते म्हणजे दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात ते कळेल. सहाव्या ते नवव्या बरगडीच्या पुढच्या टोकाची कुर्चा काढतात, तिचे तुकडे कोरून, बारीक तारेने एकमेकांना बांधून कानाचा सांगाडा तयार करतात, आणि डोक्याच्या बाजूच्या कातडीखाली खिसा करून तो आत सरकवतात. नंतरच्या टप्प्यात तो डोक्यापासून उचलून मागे कातडी लावतात. अमेरिकेतले सर्जन टँझर यांनी १९५९ मध्ये हे काम नीट बसवलं, पुढे ब्रेंट यांनी ते चार टप्प्यांत आणि साधारण सहा वर्षांपासून पुढे केलं, जपानच्या नागाता यांनी दोनच टप्प्यांत आणलं पण त्यांच्या सांगाड्याला कुर्चा जास्त लागते म्हणून मूल दहाच्या आसपास हवं आणि छातीचा घेर साठ सेंटीमीटर तरी हवा. तुम्हाला "दहा वर्षांचा होऊ द्या" म्हणणारे डॉक्टर टाळत नव्हते, ते बहुतेक याच पद्धतीने काम करणारे असणार. थांबल्याने कान लहान राहील ही भीतीही नको, पाच-सहा वर्षांच्या मुलाचा चांगला कान जवळपास मोठ्या माणसाएवढा झालेलाच असतो, नवा त्याच मापाने करतात.

माप कसं घेतात ते बघण्यासारखं असतं. एक्स-रेच्या फिल्मचा पारदर्शक तुकडा चांगल्या कानावर धरतात आणि पेनाने कड गिरवतात, मग ती फिल्म उलटी करून दुसऱ्या बाजूला ठेवतात. आमच्याकडे एक सातवीतला मुलगा होता, ती फिल्म त्याने रात्रभर उशाशी ठेवली आणि सकाळी मला विचारलं, सिस्टर यात बाळी घालता येईल का. ऑपरेशन झाल्यावर कातडीखालून दोन बारीक नळ्या बाहेर येतात, त्या आतलं रक्त-पाणी ओढून घेतात, आम्ही त्यांना रक्त तपासायच्या असतात तसल्या बंद काचेच्या ट्यूब जोडायचो आणि भरली की बदलायचो, रात्रीसुद्धा. त्या ओढीनेच कातडी सांगाड्यावर चिकटत जाते. आज सपाट उंचवटा दिसतोय, उद्या वरची कड दिसते, परवा आतली वळी. आईला मी हाताला धरून दाखवायचे. पण त्याच दिवसांत त्या पोराला खोकला आला तर छाती किती दुखते तेही मी बघितलंय, त्या कुशीवर झोपायचं नाही, बरेच दिवस पळायचं-कुस्ती खेळायची नाही, ड्रेसिंगला हात लावायचा नाही. हे साडेपाच वर्षांचं मूल ऐकत नाही हो. नऊ-दहा वर्षांचं, ज्याने स्वतः "मला कान करायचाय" म्हटलंय, ते सगळं सहन करतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बरगडीची वाट बघा आणि त्याच्या तोंडून मागणी यायची वाट बघा, दोन्ही.

शहरातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेही खोटं नाहीये. सच्छिद्र पॉलिथिलीनचा तयार सांगाडा मिळतो, मेडपोर नावाने बरेच जण ओळखतात, १९९० नंतर अमेरिकेतले सर्जन राइनिश यांनी तो लहान मुलांच्या कानासाठी वापरायला सुरुवात केली. तीन-चार वर्षांपासून बसवता येतो, छाती कापायची नाही, बहुतेक काम एकाच वेळी. त्यावर डोक्याच्या कातडीखालचा रक्तवाहिन्यांसकट पातळ पडदा फिरवून आणतात आणि वर कातडी लावतात. चांगल्या हातचा कान खूप सुंदर दिसतो, मी बघितलेत. पण ती शेवटी बाहेरची वस्तू. पुढे कधी वरची कातडी फाटली, जखम चिघळली, तर आपल्या कुर्चेसारखी ती स्वतःहून सावरेल याची खात्री नसते, कधीकधी काढावी लागते, आणि तो पडदा एकदा वापरून झाला की पुढच्या दुरुस्तीसाठी सर्जनच्या हातात कमी उरतं. तुमचं गाव, केळीच्या बागा, पाटात डुंबणं, गल्लीतलं क्रिकेट, आणि काही बिघडलं तर सर्जन शेकडो किलोमीटरवर. हे सगळं धरून मला तुमच्या मुलासाठी बरगडीची बाजू जड वाटते. एखाद्या शहरातल्या कुटुंबाला, ज्यांचे डॉक्टर अर्ध्या तासावर आहेत, त्यांना मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

सिलिकॉनचा चिकटवायचा किंवा चुंबकाने बसणारा कान हा तिसरा मार्ग, दिसायला हुबेहूब, पण रोज काढा-घाला, उन्हाने रंग उडतो, दर काही वर्षांनी नवा करावा लागतो. भाजलेल्या, कॅन्सरमध्ये कान गेलेल्या किंवा ऑपरेशन फसलेल्या मोठ्या माणसांना तो छान. तुमच्यासाठी आत्ता तरी नको. आणि काहीच न करणं हाही एक मार्ग आहे, तो कुणी मोठ्याने बोलत नाही. मोठा होऊन तो म्हणाला की मला असाच राहू द्या, तर तेही ठीक.

दिराचा उंदीर म्हणजे १९९७ मधला, अमेरिकेतल्या वाकांटींच्या प्रयोगशाळेतला. कानाच्या आकाराच्या साच्यावर गाईच्या कुर्चेच्या पेशी लावून तो उंदराच्या कातडीखाली वाढवला होता, त्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि तो कुणाला बसवायचाही नव्हता. नंतर काम पुढे गेलंय, २०१८ मध्ये चीनच्या डॉक्टरांनी पाच मुलांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेले कान बसवल्याचं जाहीर केलं, २०२२ मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्या पेशींचा थ्री-डी प्रिंट केलेला कान बसवला. पण चोपड्याहून निघून करून यावा असा हा उपचार अजून झालेला नाही, त्याच्या भरवशावर काही ठरवू नका.

आता खरी घाई. तुमच्या तीन पानी पत्रात एक ओळ शोधत होते ती सापडली नाही, त्याला ऐकू किती येतं. सगळं घर कानाच्या दिसण्यावर बोलतंय. नवा कान बसवला तरी त्या बाजूने ऐकू यायला लागत नाही, कारण भोक आणि मधला कान बंदच आहे, हे नवऱ्याला नीट सांगा नाहीतर ऑपरेशननंतर तो निराश होईल. पण आतला कान, जो आवाज मेंदूकडे पोचवतो, तो अशा मुलांत बहुतेक वेळा चांगला असतो. म्हणून कपाळाला पट्टा बांधून हाडातून आवाज पोचवणारी मशीन मिळते, ती आत्ताच चालते, ऑपरेशन नको काही नको. ती याला हवी का हे तपासल्यावर ठरेल.

तेव्हा या महिन्यात दोन्ही कानांची तपासणी करून घ्या. साडेपाच वर्षांचं मूल हेडफोन लावून खेळता खेळता टेस्ट देतं, नाहीच दिली तर झोपवून बेरा टेस्ट होते, म्हणजे डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कान-नाक-घसा विभागात विचारा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासायला येते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम, २०१३ पासून आहे, त्यांच्याकडून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या. मुंबईला जाणं झालं तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था फक्त याच कामाची आहे. त्याच फेरीत पोटाची सोनोग्राफी करून किडन्या बघून घ्या, कारण कानाबरोबर कधीकधी किडनीतही फरक असतो, आणि चेहऱ्याची ती बाजू, जबडा, पाठीचा कणा डॉक्टरांना एकदा बघू द्या. घाबरायचं नाही, नुसतं बघून घ्यायचं.

डावा कान तुमचं सोनं आहे. त्यात काडी नको, लसणाचं गरम तेल नको, सर्दी झाली आणि कान दुखला की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. शाळेत बाईंना आधी भेटा, फळ्याकडे तोंड केल्यावर उजव्या हाताच्या बाजूला पुढच्या रांगेत बसवायला सांगा, म्हणजे डावा कान बाईंकडे राहतो. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते पटकन कळत नाही, त्यामुळे केळीचा ट्रक हॉर्न देतोय पण मागून की पुढून ते त्याला समजणार नाही. रस्ता ओलांडताना हात धरणं हे तुमच्या घरात इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त चालू ठेवा.

आणि तो उजवीकडचा शेंगदाणा आहे ना, त्याला कुणालाही हात लावू देऊ नका. आमच्या शेजारच्या गावात एका बाळाचा असाच तुकडा एका दवाखान्यात "दोन मिनिटांचं काम" म्हणून कापून टाकला, आईबापाला वाटलं बरं झालं. पुढे सर्जनकडे नेलं तर ते नुसते बघत राहिले, कारण त्या खालच्या मऊ तुकड्याचीच नव्या कानाची पाळी करतात आणि तिथली न कापलेली कातडी सांगाड्यावर पांघरायला लागते. बघणाऱ्याला नको वाटणारं मांस म्हणजे सर्जनचा कच्चा माल आहे. सोनाराकडे त्या बाजूचं टोचणंही नको. भोक पाडून देतो असं कुणी म्हटलं तर आधी कान बनवणाऱ्या सर्जनला दाखवा, बरगडीची पद्धत करायची असेल तर कान आधी आणि भोक नंतर असा क्रम असतो.

सर्जनकडे आत्ता एकदा जा, ऑपरेशनला नाही, ओळखीला. असे कान तुम्ही किती केलेत, वर्ष-दोन वर्षांनंतरचे फोटो दाखवा, एखाद्या कुटुंबाशी बोलायला मिळेल का, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. हे काम हाताचं आहे, शिकणारे डॉक्टर बटाट्यावर-गाजरावर कोरून हात बसवतात, म्हणून मी मशीनपेक्षा हात बघायला सांगते. खर्चाचं महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून लेखी घ्या, शेत गहाण ठेवायचं बोलणं त्याच्या आधी नको. आणि तारीख घ्याल तेव्हा हिवाळ्यातली घ्या, आपल्याकडच्या मे महिन्यात पट्टीखाली घाम जिरतो ते मी बघितलंय.

दुसऱ्या वाचकांसाठी मध्येच थोडं, कारण कानाची पत्रं बरीच येतात. बाळ नुकतंच झालंय आणि कान पूर्ण आहे पण मुडपलेला, वाकडा आहे, तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच डॉक्टर गाठा. आईकडून आलेल्या हार्मोनमुळे तेव्हा कुर्चा मऊ असते, साचा लावून काही आठवड्यांत आकार येतो, ऑपरेशन टळतं, महिना उलटला की ही संधी जवळजवळ जाते. जड झुब्यांनी पाळी फाटलेल्या आयांनो, ते तासाभराचं काम आहे, जागा बधिर करून टाके घालतात, सुश्रुताने फाटलेल्या पाळ्या जोडायच्या पंधरा पद्धती लिहून ठेवल्यात तेव्हापासूनचं. काही महिन्यांनी जुन्या जागेच्या बाजूला परत टोचा. कुस्ती खेळणाऱ्यांनो, कान सुजून टम्म झाला तर एक-दोन दिवसांत रक्त काढून घ्या, राहिलं तर गाठ कायमची. आणि वरच्या कडक भागात टोचल्यावर लाल, गरम, ठणकायला लागलं तर हळद लावून बसू नका, तिथली कुर्चा विरघळते आणि असा गेलेला कान परत उभा करणं फार अवघड असतं.

परत तुमच्याकडे. कानटोपी. ताई, चव्वेचाळीस डिग्रीत पोर कानटोपी घालून अंगणवाडीत बसतं हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुम्ही त्याला चिडवण्यापासून वाचवताय हे कळतं मला, पण त्याला त्यातून कळतं की इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे, आणि आईलाही ते बघवत नाही. एकदम काढू नका. आधी घरात, मग ओट्यावर, मग दुकानापर्यंत. आणि त्याला एक उत्तर पाठ करून द्या, छोटं, त्याच्याच भाषेत, "मना कान असाच शे, इकडथीन बोल," म्हणजे माझा कान असाच आहे, इकडून बोल, आणि डावा कान पुढे करायचा. घरी तुम्ही चिडवणारं पोर व्हा आणि दहा वेळा खेळून घ्या. मुलं प्रश्नाचं उत्तर मिळालं की बहुतेक वेळा पुढे जातात, जी जात नाहीत त्यांच्यासाठी बाई आहेत, म्हणून बाईंना जूनच्या आधी भेटा म्हटलं.

सासूबाईंचा नवसही मोडू नका. श्रावणात कानबाई बसेल तेव्हा रोटांच्या जेवणाला सगळी भाऊबंदकी जमणारच आहे, सासूबाईंनाच सांगा की त्याला मांडीवर घेऊन बसा, टोपी न घालता. ज्या आजीने नवस बोललाय तिच्या मांडीवर बसलेल्या पोराला नातेवाईक काय म्हणणार आहेत.

तपासणीचा रिपोर्ट हातात आला की मला परत लिहा, आणि दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे लिहा.